थेरगावचे इक्बालचाचा आणि न सापडणारा फॉन्ट

सहा वर्षं मी एक खोटं सांभाळून ठेवलंय, आणि ज्यांच्यामुळे ते खपलं ते काल गेले.

इक्बालचाचा. डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांचं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स. मूळचे बीडचे, पण सगळं आयुष्य थेरगावात गेलं.

तेव्हा मी चाकणच्या एका स्टिकर बनवणाऱ्या कंपनीत आर्टवर्कला नवीन होते. प्रोबेशनवर. पप्पांचं काम सुटलेलं, घरात माझाच पगार.

एका कस्टमरला प्रेस मशीनवरचा वॉर्निंग स्टिकर हवा होता. ‘यंत्र चालू असताना हात आत घालू नये.’ मूळ फाइल हरवलेली, हातात फक्त एक जुना स्टिकर. नवीन अक्षर हुबेहूब तसंच पाहिजे, केसभरही फरक चालणार नाही.

माझी दोन सॅम्पल रिजेक्ट झाली.

फोटोवरून फॉन्ट ओळखणारी सगळी ॲप वापरून झाली. इंग्रजी दाखवलं की चुटकीसरशी नाव सांगतात. मराठी दाखवलं की काहीच्या काही.

सर म्हणाले, “सोमवारपर्यंत जुळलं नाही, तर मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल.”

शनिवारी भाच्याचा फ्लेक्स सांगायला चाचांकडे गेले. माझा चेहरा बघूनच त्यांनी विचारलं, “काय झालं बेटा?”

मी पर्समधून स्टिकर काढून दिला. त्यांनी तो उलटा धरला.

“चाचा, उलटा आहे तो.”

“मुद्दाम धरलाय. सुलटं धरलं की माणूस वाचत बसतो, अक्षर बघत नाही.”

बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “‘यंत्र’वरचं टिंब बघ. गोल पाहिजे का नाही? उभ्या अंड्यावानी झालंय. फॉन्ट लई साधा हाय, तुझ्याकडं पण असल. जागेत बसंना म्हणून कुणीतरी बाजूनी दाबलाय. आम्ही डीटीपीवाले सगळे हेच धंदे करतो.”

आणि स्वतःच हसले. मी दोन आठवडे जगभर शोधत होते, आणि तो फॉन्ट माझ्याच कंप्युटरवर होता.

त्यांनी तो थोडा थोडा दाबून बटर पेपरवर प्रिंट काढल्या आणि एकेक स्टिकरवर ठेवून बघितली. चौथ्या प्रिंटला खालचं अक्षर वरच्या अक्षराखाली पूर्ण झाकलं गेलं. मी तिथेच रडले. त्यांनी चहा मागवला.

सोमवारी सॅम्पल पास.

सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, “कसं शोधलंस?”

मी म्हणाले, “बघत बसले सर, सापडलं.”

पुढच्या महिन्यात मी पर्मनंट झाले.

सरांपुढे तुमचं नाव घेतलं नाही, हे चाचांना सांगितलं तेव्हा मान खाली होती माझी. ते स्क्रीनवर पत्रिकेचा मजकूर लावत होते, मान वरही केली नाही. “बरं केलंस. नोकरी तुझी होती, माझी थोडीच.”

त्यानंतर कित्येक शनिवार मी त्यांच्या दुकानात काढले. गोळ्यांची पाकिटं, व्हिजिटिंग कार्डं, मंडळांच्या पावत्या. समोर टाकायचे आणि म्हणायचे, “उलटं धर. सांग.” एकदा चौकातल्या फ्लेक्सकडे बघून म्हणाले, “पोरं पाच, फॉन्ट सात.”

आता रस्त्याने जाताना मी पाट्या वाचतच नाही, अक्षरंच बघते. नवरा वैतागतो.

काल मातीला जायचं म्हणून सरांना सुट्टीसाठी फोन केला. त्यांनी आपुलकीनेच विचारलं, “कोण होते तुझे? रिलेटिव्ह?”

“नाही सर. ओळखीचे होते.”

फोन ठेवला आणि स्वतःचीच लाज वाटली. ते गेल्यावरसुद्धा मी तेच केलं.

सर, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात, म्हणून इथेच लिहितेय. आपली टीमही वाचेल, वाचू दे.

तो फॉन्ट मी ओळखला नव्हता. थेरगावच्या इक्बालचाचांनी ओळखला होता. आज टीमला मी जे शिकवते, तेही सगळं त्यांचंच.

तुम्ही विचारलंत ना, कोण होते?

माझे उस्ताद होते.

चाचा, फार उशीर केला मी. शेवटचा सलाम.