हिरवी खूण

पूर्णा स्टेशनसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारी ती बाई कुणाचाही पेनड्राइव्ह आधी पदराला पुसायची. जणू रोग वरच्यावर निघून जाईल.

घरच्या कॉम्प्युटरवर मेलनं आलेली लग्नपत्रिका मी पेनड्राइव्हवर घेऊन छापायला नेली होती. अँटिव्हायरसनं फाइल तपासून हिरवी खूण दाखवली. पण फाइल उघडताच वर पिवळी पट्टी आली : पत्रिका पाहायला परवानगी द्या. बाईचा हात माऊसवरून झटकन मागे आला.

"हिरवी खूण आली की," मी म्हणालो.

"सर, ते निस्तं जुने चोर वळखतंय. नवा चोर पाव्हणा होऊन आला, तर त्याला काय कळणार? आन् दार आपणच उघडायलोत. मागं अशाच पत्रिकेनं गिऱ्हाइकांचे फोटो, कागदं, समदं गेलं. तवाबी हिरवंच होतं." बोलता बोलता तिनं कॉम्प्युटरची वायरच उपटली. "कुणाच्या घरची हाय ही पत्रिका?"

ते मी पाहिलंच नव्हतं. आमच्याकडे पत्रिका आली की लग्नाला जायचं, एवढंच ठाऊक.

मी घाबरून घरी फोन लावला. दारातून कुणालाच परत न पाठवणारे माझे वडील खुशीत होते.

"पिवळ्या पट्टीला हो म्हणलं, तवा उघडली बघ पत्रिका. पण आत कुणाचंच नाव न्हाई रे."