भाटव्यांचं युरेनियम

आमचे भाटवे, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, जगात कोणाला मोजत असतील तर स्वतःला. बाकी सगळे गाढव. लांजीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. पोरं गाढव, हेडमास्तर गाढव, आणि घरातल्या आम्ही बाया, आमचं तर विचारूच नका.

त्यांचं लाडकं प्रवचन अणू फुटण्याचं. कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानावर पाण्याचा मोठा थेंब ठेवायचे आणि काडीनं हलवायचे. "पाहा. युरेनियमचा गाभा असाच. बाहेरून न्यूट्रॉन येऊन घुसला का डोलते, लांबते, कमरेत बारीक होते आन् तुटते." दोन तुकडे बहुतेक सारखे नसतात, एक थोरला, एक धाकटा. सोबत दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात, ते शेजारचे गाभे फोडत जातात. सगळं जोखलं तर मूळच्यापेक्षा थोडं कमी भरतं, आणि त्या कमी वजनाचीच एवढी आग होते. तुकडेही शांत बसत नाहीत, घातक किरणं सोडत राहतात. सांगायचे मात्र छान, चौथी शिकलेल्या मला आजही पाठ आहे. एकदा मी विचारलं, मग हे जमिनीतल्या जमिनीत का फुटत नाही? तर म्हणाले, "तुले काहून पायजे? भाजी पाहा, करपून राह्यली." उत्तर येत नसलं की यांना भाजीचा वास यायचा.

एका पावसाळ्यात ताईच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, नांगराला काळा, जड दगड लागला. आमच्याकडे शेंबड्या पोराला विचारा, काळा जड दगड म्हणजे मँगनीज. कितीतरी घरं त्याच खाणींवर जगतात. भाटव्यांनी तो हातात तोलला आणि जाहीर केलं, युरेनियम. आता सरकारची माणसं येऊन पाहीपर्यंत बांधीत कोणी पाय ठेवायचा नाही.

इकडे धानाचे पऱ्हे, लावायची रोपं, उंच होऊन पिवळे पडायला लागले. रोवणीच्या बाया दुसऱ्यांच्या बांधीत जायला निघाल्या. ताईची पाण्याची सोय असलेली बांधी तेवढी एकच. ती पडीक राहिली तर वर्षाचा भात गेला. ती समजावायला गेली, तर म्हणाले, "अडाण्याच्या घरात पडलो मी. भाताच्या पायी देशाची वीज सोडू?"

सरकारची माणसं काही येईनात, तेव्हा शेवटी दगड पिशवीत घालून खाणखात्याच्या साहेबाला दाखवायला ते बालाघाटच्या बसमध्ये बसले. बस दिसेनाशी झाली तसा ताईनं पदर खोचला. "चाल व. ते येतवरी अर्धी बांधी झाली पायजे." बायांना हाक मारली, मीही चिखलात उतरले.

दुपार कलल्यावर भाटवे आले. पिशवी रिकामी. साहेब दगड पाहून हसला, मँगनीज म्हणाला आणि बाहेर फेकायला सांगितलं, हे आम्हाला मागाहून कळलं. तेव्हा बांधावर उभे राहून एवढंच म्हणाले, "साहेब अडाणी हाये."

"हौ जी," ताई वर न पाहता म्हणाली, "साहेब अडाणी. आता त्या पऱ्ह्यांच्या पेंढ्या इकडे फेका, बाया खोळंबल्या."

त्यांनी पायजमा वर केला. न्यूट्रॉनचा नेम सांगणाऱ्या या माणसाची एक पेंढी धड जागेवर पडेल तर शपथ. निम्म्या आमच्या डोक्यावर. पण दिवस मावळेपर्यंत फेकत राहिले.

भाटवे गेले त्याला खूप वर्षं झाली. ताईची माफी त्यांनी कधी मागितली नाही. दरवर्षी त्या बांधीचा नवा तांदूळ शिजला, की पुन्हा पुन्हा भात मागून घ्यायचे आणि बोटं चाटत म्हणायचे, "काही म्हणा, या मातीत कायतरी हाये."