चार तासांची लस

हेमा नर्सबाई केळशीच्या वरच्या अंगाला, कातळावरच्या वाडीत पोचल्या तेव्हा दहा वाजले होते. खांद्याला लशीचा डबा, पायांत गोळे. २००३ चा एप्रिल. नोकरीचं शेवटचं वर्ष.

लस टोचायच्या ठरल्या जागी, देवळात, एकटी तुळसा बसली होती, मांडीवर नऊ महिन्यांची सानवी. बाकीच्या आया पोरांसकट खालच्या बागेत आंबे भरायला गेल्या होत्या.

गोवराच्या लशीची एक बाटली पाच मुलांची. एकदा फोडली की चार तासांत संपवायची, नाहीतर टाकायची. लस वाया जाऊ नये म्हणून हेमाबाई चारेक मुलं जमल्याशिवाय बाटली फोडत नसत. मागच्या महिन्यात तुळसाला त्यांनी असंच परत पाठवलं होतं. आता शेजारच्या वाडीत गोवर निघाला होता.

"आज पण गिऱ्हाईकं जमायची वाट बघायची काय, बाय?" तुळसा म्हणाली. "दुकान मांडलाय काय?"

हेमाबाईंनी डबा उघडला. सव्वादहाला बाटली फोडून त्यांनी सानवीला टोचलं. उरलेली लस डब्यात बर्फाशी ठेवली आणि बागेची उतरण धरली.

बागेचे मालक आप्पा कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत टोचा. गाडी भरायची आहे."

"गोवर सुट्टी बघून येत नाही, आप्पा."

आंब्याच्या कलमांना बांधलेल्या झोळ्यांतून तीन पोरं निघाली, त्यांना टोचून झालं. चौथं वाडीतल्या चिमाचं, पण ती त्याला घेऊन बाजाराला गेलेली. हेमाबाई एका दगडावर बसून राहिल्या. सव्वादोन वाजले तशी त्यांनी बाटली बाद केली.

अडीचला चिमा धापा टाकत आली. "आत्ताच टाकलीत? पाव तासात काय इख होतंय काय?"

"होतं. शिळी लस पोराच्या जिवावर बेतते. आणि दुसरी बाटली आणलेली नाही."

"मंग पुढल्या महिन्यात येऊ?"

हेमाबाईंच्या ओठांवर 'हो' आलंच होतं. चिमाच्या कडेवरचं पोर त्यांच्या डब्याचा पट्टा ओढत होतं.

"उद्या. दहा वाजता घरीच थांब."

"एकट्या माज्या पोरासाठी कातळ चढणार?"

"मग काय तू बाटली आणायला येणार आहेस?"

उद्याची लस आजच आरोग्य केंद्रात मागून ठेवायला हवी होती. चारची एस.टी. चुकली तर इथेच मुक्काम. गुडघ्यांवर हात टेकून हेमाबाई उठल्या.