ठमीच्या जॅकेटचा पट्टा

बाईच्या कमरेला टेप लावली की शिंपीणमावशींना कळायचं, हिच्या घरी पाळणा हलणार. मग त्या शिवणीत चार बोटं कापड जास्त ठेवायच्या आणि बाई स्वतः सांगेपर्यंत कुणाला ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत.

त्याच मावशी आज जनावरांच्या डॉक्टरीणबाईंसमोर मान खाली घालून बसल्या होत्या. दिवसभर त्यांच्या मशीनखाली झोपणारी आठ वर्षांची ठमी कुत्री सात आठवड्यांची गाभण निघाली होती.

"पोट दिसत होतं की. लक्षात कसं नाही आलं?"

"बिस्किटं अंगी लागली असं वाटलं," मावशी पुटपुटल्या. थंडीसाठी शिवलेल्या जॅकेटचा पट्टा पोटाला काचत होता, तो त्यांनी महिन्यात दोनदा सैल करून दिला होता.

"या वयात पहिलं बाळंतपण म्हणजे जिवाशी खेळ, आणि आता गर्भ काढायचं ऑपरेशनही तसंच. पंधरा दिवस डोळ्यांत तेल घालून बघा."

घरी मावशींचं कशातच लक्ष लागेना. दीड-दोन महिन्यांपूर्वी कामाच्या घाईत मागचं दार त्यांनीच उघडं टाकलं होतं आणि ठमी बाहेर पळाली होती. दोऱ्याला सुईचं नाकं सापडेना. तेवढ्यात ठमी पायाशी येऊन उभी राहिली. पट्टा पुन्हा रुतला होता आणि सोडायला आत कापड उरलं नव्हतं. मावशींनी कात्रीने तो कापूनच टाकला आणि खाली बसून तिच्या पोटावर हात ठेवला.

"दोनदा सांगितलंस गं," त्या म्हणाल्या, "आणि मी दोनदा नुसती शिवण उसवली."