बाबांच्या खिडकीचा पडदा

बाबांच्या खोलीसाठी रोलरचा पडदा मी निवडला, आणि तो चुकला. हे मला ते गेल्यावर दोन आठवड्यांनी कळलं. माझा स्वभाव तसा तोंडाळ. दुकानदार असो, रिक्षावाला असो, नाहीतर ऑफिसातला साहेब, मी कुणाशीही हुज्जत घालू शकते. पण ही चूक माझी एकटीची, त्यामुळे भांडायला समोर कुणी नाही.

माझं लहानपण कासारवाडीत स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत गेलं. बाबा चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर होते. नाइट शिफ्टचा आठवडा आला की आई खिडकीला पुठ्ठा लावायची. कंपनीतल्या खोक्याचा मोठा पुठ्ठा, चार खिळ्यांत अडकवलेला. तो बाहेरून दिसला की साऱ्या चाळीला कळायचं, आत माणूस झोपलाय. भाजीवाली आमच्या दारावरून मुकाट पुढे जायची. शेजारीण कळशी जपून टेकवायची, आणि तिच्या खिडकीला पुठ्ठा लागला की आई तिच्यासाठी तेच करायची. रुळांवरून गाडी धडधडत गेली तरी बाबा कूस बदलायचे नाहीत, पण घरात चमचा पडला की जागे व्हायचे. मी पाढे ओठ न हलवता पाठ केले. हसू आलं तर उशीत तोंड खुपसायचं. मला याचा राग यायचा, पण आई पुठ्ठ्याच्या कडेच्या फटीत चिंध्या कोंबायला लागली की मीही मुकाट्यानं तिच्या हातात चिंध्या द्यायची. आमच्या घरात माया करायची म्हणजे अंधार करायचा, एवढं मी त्यातून शिकले.

आई गेली, त्यानंतर बाबांना झटका आला आणि उजवं अंग अधू झालं. मी त्यांना मारुंजीला माझ्या फ्लॅटवर आणलं. त्यांच्या खोलीला पूर्वेची मोठी खिडकी होती. समोर म्हशींचा एक गोठा, त्यामागे नव्या इमारतीची क्रेन. सकाळी ऊन थेट खाटेवर यायचं. मी ठरवून टाकलं, आता बाबांना पुठ्ठा नाही, खिळे नाहीत, चांगला ब्लॅकआउटचा रोलर घ्यायचा. मनासारखी झोप म्हणतात ती त्यांना एकदा मिळू दे.

दुकानात त्यांनाही घेऊन गेले. दुकानदारानं कापडांच्या तुकड्यांची जाडजूड वही पुढ्यात ठेवली. बाबांनी डाव्या हातानं पानं उलटत एक पातळ, सायीच्या रंगाचं कापड उजेडाकडे धरलं. "यातून बाहेरचं दिसतंय की गं," ते म्हणाले.

"बाबा, ते ऑफिसात लावतात. त्यानं ऊन अडत नाही."

"मॅडम, काकांना काय आवडतंय ते बघा ना," दुकानदार म्हणाला.

"त्यांना विचारत बसलात तर ते सगळ्यालाच बरं म्हणतील," मी म्हणाले. दुकानदार हसला, बाबाही हसले. मी गडद करड्या ब्लॅकआउटवर बोट ठेवलं. बाबा म्हणाले, "बरंय."

मग मापांच्या कागदावर लिहिताना दुकानदारानं विचारलं, पडदा वरखाली करायची चेन कुठल्या बाजूला? मी फोनमध्ये ऑफिसचा मेसेज वाचत होते. उजवीकडे, मी म्हणाले. फिटिंग झाल्यावर दिसलं की चेन कपाटाच्या बाजूला गेली होती आणि खाटेवरून बाबांच्या चालत्या हाताला ती पोचत नव्हती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांना कशाला लागतेय चेन, मी आहे ना.

रोज सकाळी हिंजवडीची कॅब यायच्या आधी मी त्यांचा पडदा खाली ओढायची. खोली अशी काळोखी व्हायची की आईला दाखवावीशी वाटायची. संध्याकाळी आले की विचारायची, "झोप झाली का?" ते म्हणायचे, "झाली की."

पुढे त्यांचं हृदय थकत चाललं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की फार दिवस नाहीत. मी साहेबाशी भांडून घरून काम मागून घेतलं. लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये बसायची, मीटिंगमध्ये कुजबुजल्यासारखी बोलायची, मिक्सर लावायची नाही. बाबांचं दार लोटलेलं, पडदा खाली. मधूनमधून आत जाऊन पाणी द्यायची, पाय चेपायची आणि पावलं न वाजवता बाहेर यायची. खरं सांगायचं तर त्या दिवसांत दुःखाच्या जोडीला मला एक समाधानही होतं. वाटायचं, आई असती तर तिनंही असंच केलं असतं. एका सकाळी ते गेले. डॉक्टरांना तपासायला उजेड हवा होता म्हणून मी पडदा वर केला.

दिवसभर त्यांच्याजवळ थांबायला मी गावातल्या एक मावशी ठेवल्या होत्या. बाबांचं सगळं आटोपल्यावर, ते गेल्यानंतर दोन आठवड्यांनी, त्या खोली आवरायला आल्या. पडदा मी पुन्हा खाली ओढून ठेवला होता. त्या आत गेल्या आणि न बघताच कपाटाच्या बाजूला हात घालून त्यांनी चेन ओढून तो वर केला. मी म्हणाले, "मावशी, सवय दिसतेय तुम्हाला."

"व्हय की. रोजचंच हुतं ते." त्या जरा घुटमळल्या. "तुमची गाडी हलली की म्हनायचे, करा वर. मग दिसभर बगत बसायचे. म्हशी मोजायचे, क्रेन कुटं फिरतीय त्ये मला सांगायचे. म्हनायचे, जलमभर दिवसा झोपलो, दिवस कसा असतो त्ये आत्ता बगतोय. पाच वाजले की म्हनायचे, घ्या खाली, पोरगी यायची येळ झाली."

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हनले हुते सांगते म्हनून. नको म्हनाले. म्हनाले, तिचं ल्हानपन माज्या झोपंपायी गप बसून गेलं, आता हौसेनं पडदा लावलाय, तर तिला कुटं वाईट वाटू द्यायचं."

मी पुढे होऊन ती चेन हातात धरली. मग विचारलं, "आणि मी घरी असले की?"

मावशी खाली बघत चादरीची घडी घालत राहिल्या. "तुमी घरी असला की न्हाई म्हनायचे. आज ऱ्हाऊ द्या, म्हनायचे, पोरगी घरात हाय."

शेवटचा सबंध महिना मी घरीच होते.