हेमाआत्याची तीनचाकी

बाबागाडी घ्यायला दुकानात जाताना लोक फार तर बाळाला बरोबर नेतात. आमच्या हेमाआत्याने वरवंटा नेला.

खोटं वाटेल, पण मी बरोबर होते. स्वयंपाकघरातला काळा वरवंटा धुऊन पुसून तिने जुन्या दुपट्यात गुंडाळला, वर माझ्या लेकीची कुंची बांधली आणि तो मांडीवर घेऊन गाडीत बसली. शेजारी तांदळाची पिशवी. "नुसता वरवंटा वजनाला कमी पडेल, ईशा आता अंगाने भरलीय," असं तिचं म्हणणं. वरवंटा कशाला, हे मी विचारलंच. त्यावर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मंडणगडला माझ्या आईने मला काही शिकवलं की नाही!

"अगो, रिकामा पाळणा हलवतात का कधी? मग रिकामी बाबागाडी कशी ढकलायची? आणि तुझ्या लेकीला कुठल्याही न पारखलेल्या गाडीत मी बसवणार नाही. बारशाला हाच वरवंटा आधी पाळण्यात घातला होता ना? तेव्हा चालला, मग आता का नाही?"

मी तांदळाची पिशवी सरकवून शेजारी बसले.

हेमाआत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची, मुकुलची आत्या. तोंडावर मी तिला 'तुम्ही' म्हणते, मनात मात्र ती कधीचीच 'ती' झाली आहे, म्हणून इथेही तसंच लिहिते. लहानपणी पोलिओ झाला आणि तिचा डावा पाय बारीक राहिला. काठी घेऊन चालते, अंगाला झोका देत. पण पायाची कसर देवाने जिभेत भरून काढली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती आणि ट्रंक कॉलच्या काळात अर्ध्या रत्नागिरीची सुखदुःखं तिच्या कानावरून गेली. अजूनही फोन उचलला की आवाज असा लागतो, की पलीकडचा माणूस आपोआप सरळ बसतो. लग्न केलं नाही. "बघायला आले ते सगळे माझ्या पायाकडे बघत बसले. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि नको म्हटलं," असं सांगते आणि स्वतःच हसते.

भावाच्याच घरी राहिली. भाऊ म्हणजे माझे सासरे, गोपाळकृष्ण. सासूबाई आता नाहीत, होत्या तेव्हा शाळेत शिकवायच्या. मुकुलला वाढवला तो खरं तर आत्याने, पण बसून. हे 'बसून' नीट सांगायला हवं. घरात भावंडांची, चुलतभावंडांची कितीतरी बाळं झाली. त्यांची नावं हिने ठेवली, कानात कुर्र करताना पाठीत धपाटे हिने खाल्ले, मांडीवर घेऊन झोपवलं हिने. पण बाळाला घेऊन चार पावलं चालायला तिला कुणी दिलं नाही. हात पुढे केले, की "तू बस आधी, मग देते," हे ठरलेलं. ती कधी पडली होती म्हणून नव्हे. पडेल, असं सगळ्यांना वाटायचं म्हणून. तेही मायेनेच, आणि मायेशी भांडणार कसं?

ईशा साडेपाच-सहा महिन्यांची झाली आणि माझी बँकेतली रजा संपली. दिवसभर ती आत्याजवळ मजेत असायची. पण संध्याकाळ झाली की भोकाड. दाराबाहेर नेलं की गप्प, आत आणलं की पुन्हा सूर. मी घरी पोचेपर्यंत दिवेलागण व्हायची. मुकुल आंब्याच्या बागेत, मोहोराचे दिवस, फवारणी सोडून येणार कसा? सासऱ्यांचे गुडघे कुरकुरतात, त्यांना मूल उचलून फिरवणं झेपत नाही.

एकदा जेवताना आत्या म्हणाली, "एक बाबागाडी घ्या. मी फिरवीन हिला संध्याकाळी."

सगळ्यांचे घास हातातच राहिले. आमचं घर पाखाडीच्या वरच्या टोकाला आहे. पाखाडी म्हणजे जांभ्याचे चिरे बसवलेली उतरती वाट. चिऱ्यांच्या मधल्या फटी अशा, की धडधाकट माणसाची चप्पल अडकावी.

सासरे म्हणाले, "हेमे, तुला कशाला तो त्रास? अंगणात बस तिला घेऊन."

"अंगणात मी चौसष्ट वर्षं बसल्ये, दादा," आत्या म्हणाली आणि पुन्हा जेवू लागली. ती काय मागते आहे ते मला कळलं होतं, आणि मी आई होते. भीती मलाही वाटत होती.

मुकुलने मोबाइलवर एक चारचाकी गाडी पसंत करून ठेवली. गोंडस, गुलाबी, मिटली की छत्रीएवढी. आत्याने चष्मा लावून फोटो पाहिला. "ढकलणार मी आणि पसंत करणार तू? चल, दुकानात घेऊन चल मला." म्हणून आम्ही मारुती मंदिराकडच्या दुकानात गेलो. मी, मुकुल, आत्या आणि कुंचीतला वरवंटा.

दुकानाचे मालक अनिल मोठे अदबशीर गृहस्थ. त्यांनी ओळीने गाड्या मांडल्या. फरशी आरशासारखी गुळगुळीत, सगळ्या गाड्या लोण्यातून सुरी फिरावी तशा फिरत होत्या. आत्याने पहिल्या गाडीत वरवंटा निजवला, त्याच्या पोटावर तांदूळ ठेवले, पट्टे बांधले. तेवढ्यात खरेदीला आलेल्या एक बाई लांबूनच कौतुकाने म्हणाल्या, "अगं बाई, किती शांत झोपलंय!" मग वाकून बघितलं आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"बाळ घरी आहे," आत्या गंभीरपणे म्हणाली. "हा त्याचा बदली कामगार."

अनिलशेठ खोकल्याचं निमित्त करून आत गेले. मुकुल खेळण्यांच्या कपाटाकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते.

आत्याला मात्र हसायला वेळ नव्हता. तिने काठी माझ्याकडे दिली, गाडीचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. गुलाबी गाडीची पुढची चाकं उचलली गेली आणि वरवंट्याचे पाय आभाळाकडे झाले. "ही नको." दुसरीचंही तेच. मी पटकन तिचा दंड धरला, तर म्हणाली, "सोड गो. पडत्ये की नाही तेच बघायला आल्ये ना?"

तिसरी गाडी आत्याचा भार घेऊनही जागची हलली नाही. मग आत्या म्हणाली, "आता बाहेर."

"बाहेर?" अनिलशेठ घाबरले. "काकू, नवा माल आहे हो."

"आमचं बाळही नवंच आहे."

दुकानापुढे गटारावर लाद्या टाकल्या होत्या, मधे बोट-बोटभर फटी. आत्याने गाडी त्यावर घातली. पहिल्याच फटीत पुढचं चिमुकलं चाक अडकलं, गाडी खटकन थांबली आणि आत्या पुढे झुकली. मी आणि मुकुल दोघेही धावलो. ती सावरली, पण चेहरा उतरला होता. गाडी थांबली की आपण पुढे जाणार, आणि आपण पुढे गेलो तर बाळावर, हे तिला आमच्याआधी कळलं होतं. ती पायरीवर बसली. मला वाटलं, संपलं. आणि खरं सांगायचं तर आतून जरा हलकंही वाटलं.

अनिलशेठ तिच्याजवळ आले. मग म्हणाले, "काकू, तुम्ही टेलिफोनमध्ये होतात का? आवाजावरून वाटलं, लहानपणी फोनवर ऐकलाय. माझे वडील मस्कतला होते. आई सांगते, तुम्ही लाइन मिळेपर्यंत तिला धीर द्यायचात." ते आत गेले आणि मागच्या खोलीतून एक गाडी घेऊन आले. तीन चाकांची. पुढे एकच चाक, पण चांगलं मोठं, हवा भरलेलं, मागची दोन त्याहून मोठी. दांडा सलग, छातीपर्यंत उंच, त्याला सायकलसारखा ब्रेक. "ही परदेशात बाळाला घेऊन धावायला वापरतात. इथे कुणी घेत नाही, जागा फार खाते म्हणून."

"धावायला?" आत्या उठली. "मला चालायला पुरे."

वरवंटा निजला, तांदूळ निजले. आत्याने भार टाकला, गाडी ढिम्म. लाद्यांवर घातली. मोठं चाक फटीवरून अलगद गेलं. ती पलीकडे गेली, वळली, परत आली. मग पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला तिच्या लक्षातच राहिलं नाही की आम्ही बघतो आहोत. दांड्याला धरून ती जवळजवळ सरळ चालत होती. तिला काठीशिवाय इतकं चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या हातात तिची काठी होती आणि मला रडू आलं.

घरी सासऱ्यांनी गाडीची चाकं मोजली. "तीन? अगो, तीन तिघाडा काम बिघाडा! चौथं कुठाय?"

"रिक्षाला किती असतात? तिच्यात बसून भाट्याच्या किनाऱ्यावर जातोस तेव्हा मोजतोस का? आणि मी काठी धरून जन्मभर तीन पायांवरच चालत्ये. माझं काय बिघडलं?"

सासरे नमले नाहीत. कोकणी माणूस वादात हरला तरी हट्टात हरत नाही. त्यांनी अट घातली. आधी काही दिवस वरवंट्याला फिरवायचं. एकदाही अडखळली नाही, तर पुढचं बघू. आत्याने मान्य केलं.

मग रोज संध्याकाळी आमच्या पाखाडीवरून वरवंट्याची स्वारी निघू लागली. आत्या गाडी ढकलते आहे, ब्रेक धरून उतार उतरते आहे, खालच्या पारापर्यंत जाऊन परत येते आहे, आणि दारात उभे राहून सासरे डोळ्यांत तेल घालून बघताहेत. शेजारची काशीबाय तर रोज विचारायची, "आज वरवंटा रडला नाय ना?" इकडे खोबऱ्याची चटणी मिक्सरमधली खाऊन सासरेच सगळ्यात जास्त कुरकुरले. पण 'पुढचं बघू' म्हणाले होते, ते काही बघेनात. आत्या विचारायची नाही. गाडी पडवीत लावायची आणि ईशाला मांडीवर घेऊन बसायची.

एका शनिवारी मी दुपारीच घरी आले होते. संध्याकाळी ईशाने नेहमीचा सूर लावला. आत्या पडवीत गाडी घेऊन निघायच्या तयारीत होती. रडणारं मूल घरात आणि वरवंटा फिरायला! माझं डोकंच फिरलं. मी गेले, वरवंटा उचलला, सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवला आणि ईशाला गाडीत बसवलं.

"बाबा, भीती मलाही वाटते," मी म्हटलं. "पण ही गाडी आत्यांनी पारखून घेतलीय, आणि आत्यांना आपण कधी पारखलंच नाही."

आत्याचा चेहरा मला बघवेना. तिने पट्टे लावले, पुन्हा ओढून बघितले. "मनू, खरंच देत्येस?" तिने हळूच विचारलं.

"देते. जा तुम्ही."

ती निघाली. ईशा गप्प झाली. सासरे उठले, पायांत चपला सरकवल्या आणि नुसत्या बनियनवर तिच्या मागे निघाले. दोन हात पुढे पसरून, गाडी सुटली तर झेलायला. मी दारातच उभी राहिले. मला मागे जायचं नव्हतं, मी गेले असते तर त्या जाण्याला काही अर्थ उरला नसता.

उतारावर आत्याने ब्रेक धरला होता. एकेक चिरा बघत ती उतरली. पाराशी थांबली, वाकून ईशाला समोरचं काहीतरी दाखवलं, बराच वेळ बोलली. एवढ्या वर्षांचं बोलणं साठलं होतं बहुतेक. मग ती वळली आणि चढ चढू लागली.

चढ तिला चढता आला. दांड्यावर भार टाकून, गाडी पुढे, पाऊल पुढे, असं करत ती सरसर वर येत होती. सासरे मात्र मागे पडत होते. गुडघ्यांनी दगा दिला. अर्ध्या पाखाडीत ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले, धापा टाकत. ज्या माणसाने बहिणीबरोबर चालताना आयुष्यभर पावलं आवरली, तो तिला गाठू शकत नव्हता.

"हेमे!" त्यांनी हाक मारली. "अगो, हळू जरा!"

आत्या थांबली. तिने मागे पाहिलं. आपल्या मागे कुणी राहिलंय हे तिलाही क्षणभर उमजलं नसावं. मग तिने ब्रेक लावला, गाडी फिरवून ईशाचं तोंड आजोबांकडे केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"ये सावकाश, दादा. आम्ही थांबलोय."