कर्टुली पलीकडे जाताना

हिची, म्हणजे माझ्या बायकोची, सगळी टिपणं एका छोट्या सर्व्हरवर आहेत. पुण्यातल्या आम्ही काही वाचणाऱ्या मंडळींनी वर्गणी काढून तो सुरू केला, आणि हिंजवडीत नोकरी करणारा आमच्यातला एक जण तो सांभाळतो. असे लहान सर्व्हर जगभर आहेत, एकमेकांना जोडलेले, कुणा एकाच्या मालकीचे नसलेले. ही मंडईतून आली की पिशवी ओट्यावर ठेवून आधी तिथे चार ओळी लिहायची. मोठ्या कंपनीचं अ‍ॅप तिने केव्हाच सोडलं होतं. "भाजीवर लिहिलं की मला भाजीच विकायला येतात," म्हणायची.

ती गेली, आणि काही महिन्यांनी कळलं की तेच मोठं अ‍ॅप आता आमच्या जाळ्याला जोडलं जाणार. तिथल्या माणसाला तिथूनच आमचं वाचता येईल. त्यांना येऊ द्यायचं की अडवायचं, हे ज्या त्या सर्व्हरने ठरवायचं. आमच्याकडे असले निर्णय चॅटवर होत नाहीत, कुणाच्या तरी घरी समोरासमोर बसून होतात. या वेळी सदाशिव पेठेत, एका निवृत्त प्राध्यापक बाईंकडे.

मला तिथे स्वस्थ बसवत नव्हतं. माझी मुलगी रोज कंपनीच्या बसमध्ये अडकलेली असते आणि त्या मोठ्या अ‍ॅपवर असते. आईचं वाच म्हटलं की म्हणायची, "बाबा, आणखी एक खातं नको हो. बसमध्ये जे उघडं असतं तेवढंच वाचून होतं." दार उघडलं तर तिला आई तिथेच वाचता आली असती. पण हिला ते चाललं असतं का?

"ते आपल्या पंगतीला जेवायला येत नाहीयेत, पानं मोजायला येतायत," बाई म्हणाल्या.

"पानं केव्हाच मोजून झालीत, मॅडम," सर्व्हर सांभाळणारा म्हणाला.

बाई माझ्याकडे वळल्या. "अहो, तुम्ही बोला की. चहा नुसता गार करताय."

"मुलीने आईचं वाचावं. एवढंच आहे माझं."

बाईंनी माझा कप उचलून दुसरा चहा ओतला. मग त्याच म्हणाल्या, "तूर्त उघडं ठेवा. त्रास झाला की बंद."

दार उघडलं त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, आईचं नाव दिसतंय, फोटो दिसतोय. खाली काहीच नाहीये."

मी लगेच सर्व्हरवाल्याला विचारलं.

"अहो काका, आपण सगळे दारावरच भांडत बसलो. जुनं आपोआप पलीकडे जात नाही. फॉलो केल्यानंतर लिहिलेलं जातं."

म्हणजे हिचं काहीच जाणार नव्हतं.

"काकूंच्या खात्यावरून पुन्हा टाकू का?" त्याने चाचरत विचारलं.

"नको. दुसऱ्याच्या नावाने लिहायचं नाही हे आपलंच ठरलंय. शिवाय वर आजची तारीख पडेल."

"मग तुम्ही तुमच्या खात्यावरून एकेक पुढे पाठवा. ताईंनी तुम्हाला फॉलो केलं की तेवढं तेवढं दिसेल, काकूंच्याच नावाने, जुन्या तारखेसकट."

मला खातंच नव्हतं; वर्गणी दोघांची, खातं हिचं एकटीचं. मी हिच्या खांद्यावरून वाचायचो. खातं काढलं आणि मुलीला ते फॉलो करायला सांगितलं. मग पहिलं कोणतं पाठवायचं यात दोन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. शेवटी सकाळी हे पाठवलं: 'आज मंडईत कर्टुली आली. काट्यांना न भिता मूठभर उचलली. घरात खाणारी मी एकटी.'

फोन खाली ठेवला, पुन्हा उचलला. खाली कुणा अनोळखी माणसाचा प्रश्न आला होता: 'मॅडम, सध्या कुठे मिळतील?'

मी लिहिलं, 'त्या गेल्या.' पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. तेवढ्यात त्याखाली मुलीचं उत्तर उमटलं: 'आई आता नाही. बाबांना विचारून सांगते.'

ती दोन वाक्यं मी वाचतच होतो आणि फोन वाजला. मागे बसचे हॉर्न.

"बाबा, कर्टुली मिळतात का हो अजून?"

ही पावसाळ्यातली रानभाजी अजून येते का, मला माहीत नव्हतं. दुसरं टिपण पाठवायचं की नाही, तेही ठरत नव्हतं. "बघून सांगतो," म्हणालो, आणि हिची पिशवी खुंटीवरून काढून मंडईकडे निघालो.